रजेचा अर्ज आणि बर्फाची मर्जी

हौशी : स्कीईंगचं नाव काढलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे स्वित्झर्लंड उभं राहतं आणि पुढच्याच क्षणी तो विषय बदलतो. व्हिसा, विमान, हॉटेल, शिवाय ऐंशी-नव्वद फ्रँकच्या घरातला एका दिवसाचा लिफ्टचा पास. हा हिशेब नोकरदाराच्या घरात बसत नाही हे कबूल. पण गुलमर्ग, औली, सोलंग, नारकंडा ही काही परदेशातली नावं नाहीत. गुलमर्गचं पठार साधारण २,६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो आणि दुसरा अफरवटच्या अंगावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. एवढ्या उंचीवर पाळण्यात बसून जायचं आणि स्कीवरून उतरायचं, अशी सोय जगात मोजक्याच ठिकाणी आहे. पुण्या-मुंबईची पोरं दर शनिवारी सॅक पाठीला लावून सह्याद्री तुडवतात, जमेल तसा हिमालयात ट्रेक करतात, कुणी उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करून येतं. त्यांना ट्रेक परवडतो तर स्की का परवडू नये? तारखा थोड्या सैल ठेवायच्या, गर्दीचे दिवस टाळायचे, सामान विकत न घेता भाड्याने घ्यायचं, मुक्कामाला गुलमर्गऐवजी तेरा किलोमीटर खाली टंगमर्गला उतरायचं. एवढं पाळलं तर ही श्रीमंतांची चैन राहत नाही, कुणाचाही छंद होऊ शकतो.

शंकेखोर : तुमच्या यादीतली पहिलीच अट सगळ्यात महाग आहे. सैल तारखा असतात कुणाकडे? आपल्याकडच्या घराचं वर्ष शाळेच्या वेळापत्रकावर चालतं. मोठ्या सुट्या दोन, दिवाळीची आणि उन्हाळ्याची. दिवाळीत हिमालयात स्की करण्याजोगा बर्फ साचलेला नसतो आणि मे महिन्यात तो वितळलेला असतो. खरा हंगाम जानेवारी ते मार्च. त्या दिवसांत घरात दहावी-बारावीचं कुणी असलं तर टीव्हीसुद्धा आवाज बारीक करून बघतात. नोकरीचं पाहाल तर मार्चअखेर. बँकेतल्या किंवा हिशेबखात्यातल्या माणसाने मार्चमध्ये आठवडाभराची रजा मागून दाखवावी! मग उरतो नाताळ आणि सव्वीस जानेवारीला जोडून आलाच तर शनिवार-रविवार. पण तेव्हा सगळा देश एकदम निघतो आणि विमानाचं भाडं दुप्पट होतं. म्हणून आपलं कुटुंब मे महिन्यात रोहतांगला जातं, मनालीच्या वाटेवरच्या टपरीतून भाड्याचा केसाळ कोट आणि गमबूट चढवतं, चिखलात कालवलेल्या बर्फावर फोटो काढतं आणि परत येतं. आपण त्यांना हसतो. त्यांच्या वाट्याला आलेल्या तारखांत त्यांना तेवढाच बर्फ मिळतो, हे मात्र विसरतो.

हौशी : कुटुंबाची अडचण खरी आहे, पण सगळ्या घराने एकदम निघायला हवं हा आपला हट्टही आहे. ट्रेकला काही सगळं घर जात नाही. पंचविशीतली मुलंमुली, घरून काम करणारे, पाळ्यांमध्ये काम करणारे, निवृत्त झालेले पण गुडघे शाबूत असलेले, अशी बरीच माणसं आहेत ज्यांना एप्रिल-मेच आणि फेब्रुवारी नाहीच असं बंधन नाही. त्यांनी हंगाम नीट समजून घेतला तर अर्धं काम होतं. काश्मीरमध्ये हिवाळ्याचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. पर्यटक लोटतो तो पहिल्या दहा-बारा दिवसांत, कारण नाताळ आणि नवं वर्ष तेव्हा असतं. स्कीला मात्र साचलेला बर्फ लागतो. पहिल्या हिमवर्षावाखाली दगड आणि झुडपांचे खुंट तसेच डोकं वर काढून असतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत थर जाड असतो, दिवस मोठा झालेला असतो आणि खोलीच्या भाड्यात घासाघीस करता येते. बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राच्या बाजूने येतात आणि पाच-सहा दिवस आधी त्यांचा अंदाज बऱ्यापैकी लागतो. तो बघायचा आणि निघायचं.

शंकेखोर : अंदाज सहा दिवस आधी कळतो आणि स्वस्त तिकीट सहा आठवडे आधी काढावं लागतं. तुमच्या सल्ल्यातली गोम इथे आहे. सहलीचे तज्ज्ञ एका दमात सांगतात, स्वस्तात जा आणि सैल जा. विमान कंपनीच्या लेखी या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत. तारीख बदलता येईल असं तिकीट महाग, बदलता येणार नाही ते स्वस्त. हॉटेलचंही तेच. म्हणजे सैलपणा हा खर्च कमी करायचा उपाय नाही, तो वेगळा विकत घ्यायचा माल आहे. आणि बर्फ तरी कुठे शब्द पाळतो? जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग उघडंबोडकं पडलं होतं. ऐन चिल्लई कलानमध्ये पठारावर पिवळं गवत दिसत होतं. बर्फ आला तो महिन्याच्या अखेरीस आणि पुढे फेब्रुवारीत. २०२५ साली खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २२ फेब्रुवारीपासून गुलमर्गला ठरल्या होत्या, म्हणजे तुम्ही सांगता त्याच दिवसांत. पुरेसा बर्फ नाही म्हणून त्या पुढे ढकलाव्या लागल्या आणि ९ मार्चला सुरू झाल्या. सरकारी यंत्रणा हाताशी असून ज्यांची तारीख चुकली, ते निदान ती बदलू तरी शकले. मंजूर झालेली रजा घेऊन तिथे पोचलेल्या पुण्याच्या माणसाने काय बदलायचं?

हौशी : त्याने ठिकाण बदलायचं. सैलपणा फक्त तारखेत असतो असं तुम्ही धरून चाललात. तारीख पक्की असेल तर जागा मोकळी ठेवा. दिल्लीपर्यंतचं तिकीट आधी काढा, तेवढ्याला भाव बरा मिळतो. पुढचं शेवटच्या आठवड्यात ठरवा. काश्मीरमध्ये पडला असेल तर तिकडे, कुलू खोऱ्यात पडला असेल तर रात्रीच्या बसने मनाली. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून सोलंगला बर्फ कमी असला तर पलीकडच्या लाहौलमध्ये सिस्सूला तो पाहता येतो. रेल्वेने जाणाऱ्याला तर आणखी बरं. आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होतं आणि वेळेत रद्द केलं तर कापून घेतात ती रक्कम विमानाच्या मानाने किरकोळ. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस थेट जम्मूला जाते. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते, तीनेक तासांत खोऱ्यात. पूर्वी जवाहर बोगद्यापाशी रस्ता बंद पडला की माणूस दोन-दोन दिवस अडकायचा. तो धाक आता बराच कमी झाला आहे.

शंकेखोर : झेलमचा हिशेब मांडूनच बघू. नऊ दिवस हातात आहेत असं धरा, पाच दिवसांची रजा आणि दोन्हीकडचे शनिवार-रविवार. शुक्रवारी संध्याकाळी पुणे सोडलंत, दोन रात्री गाडीत, रविवारी सकाळी जम्मू. पुढे कटरा, श्रीनगर, टंगमर्ग करत सोमवारी बर्फावर उभे राहाल. परतीची गाडी पकडायला शुक्रवारी उजाडताच खाली उतरायचं. म्हणजे बर्फावर फार तर चार दिवस. त्यातला एक दिवस वाऱ्यामुळे गोंडोलाचा वरचा टप्पा बंद, ही तिथली नेहमीची गोष्ट. राहिले तीन. विमानाने गेला असतात तर सात मिळाले असते. एकूण खर्चाला बर्फावरच्या तासांनी भागा, स्वस्त गाडी महाग पडते. आणि तासांचाच हिशेब करायचा तर अल्माटी घ्या. भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, दिल्लीहून थेट विमान आहे आणि शिंबुलाकचे उतार शहराला लागून. यंत्राने रोज सारखे केलेले, २,२६० मीटरपासून ३,२०० मीटरपर्यंत लिफ्ट. नकाशावर गुलमर्ग घराजवळ आहे, पण डोंबिवलीच्या दारातून निघून पहिल्या उतारावर उभं राहायला जो वेळ लागतो त्यात परदेश मागे पडेलच असं नाही.

हौशी : बर्फावरच्या तासांनी भागायचं, हे माप मला मान्य आहे. पण त्यात एक दुरुस्ती करते. तास कोणते मोजायचे? नवख्या माणसाचे पहिले दोन दिवस पडण्यात आणि उठण्यात जातात. ते अफरवटवर असोत की आल्प्समध्ये, फरक शून्य. तेवढ्यासाठी परदेशी लिफ्टचा पास घेणं म्हणजे पैसे पाण्यात. गुलमर्गच्या तळाशी सौम्य उतार आहेत, ड्रॅग लिफ्ट आहेत, शिकायला तेवढं पुष्कळ. तास वाया जातात ते बहुतेक भाड्याच्या दुकानात. तिथला पोरगा बूट पुढे करतो, पाय आरामात शिरला की आपण खूश. तोच बूट दुपारी छळतो. नीट बसलेल्या बुटात सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकतात, गुडघे वाकवले की किंचित मागे सरतात, टाच काही केल्या उचलत नाही आणि नडगी बुटाच्या जिभेवर दाबून बसते. त्या नडगीच्या दाबानेच स्की वळते. थंडी वाजेल म्हणून दोन लोकरी मोजे चढवणाऱ्याचा पाय आत खेळतो आणि स्की त्याचं ऐकत नाही. एकच पातळ, लांब मोजा. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगवरचा आकडा वजन, उंची आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीवरून लावून घ्यायचा. तो जास्त घट्ट राहिला तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. मोजे आणि हातमोजे स्वतःचे, बाकी सगळं भाड्याचं. काटकसर इथे कामाला येते.

शंकेखोर : आणि स्नोबोर्डचं काय? तरुण पोरांना तोच हवा असतो.

हौशी : तीन-चार दिवसच असतील तर मी स्की घ्या म्हणेन. स्कीवर पहिल्या दोन दिवसांत माणूस पुढची टोकं जवळ आणून, मागची फाकवून, ब्रेक लावत का होईना खाली येतो. पुढे दोन्ही स्की समांतर ठेवून वळायला शिकताना वर्षं जातात. बोर्डचं उलटं. सुरुवातीला आपटणं फार, मनगटं आणि माकडहाड शेकून निघतं, पण एकदा कड धरता आली की प्रगती झपाट्याने होते. ज्याला पुढच्या वर्षी पुन्हा यायचं आहे त्याने बोर्ड घ्यावा, ज्याला ठाऊक नाही त्याने स्की. आणि ज्याला खरंच स्वस्तात शिकायचं आहे त्याने कोर्स करावा. गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची स्कीईंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची गिर्यारोहण संस्था, औलीला गढवाल मंडळ विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग. राहणं, जेवण, सामान, शिक्षक असं बहुतेक सगळं एका फीमध्ये. एकट्याने जाऊन हेच सुटं सुटं जमवलं तर त्याच्या कितीतरी पट जातात.

शंकेखोर : म्हणजे सगळ्यात स्वस्त वाट सगळ्यात ताठर निघाली की नाही? कोर्सची तारीख संस्था ठरवते. मनालीसारख्या ठिकाणी पूर्ण चौदा दिवस द्यावे लागतात, डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो, पहाटे शिट्टी वाजली की रांगेत उभं राहावं लागतं. त्यात गैर काही नाही, पण त्याला सैल सहल म्हणता येत नाही. आणि औलीचं नाव घेतलंत म्हणून विचारतो. २०११ साली तिथे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली. ती यंत्रंही हवा शून्याखाली गेली तरच बर्फ करतात. गरम हिवाळ्यात ती असून नसल्यासारखी. जानेवारी २०२३ मध्ये खालच्या जोशीमठात घरांना तडे गेले, माणसं शाळा-धर्मशाळांत हलवली, औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. ज्या उतारावर गावाचं ओझं आधीच जास्त झालंय तिथे आपण गर्दी करून म्हणायचं, बघा, आपल्या देशात किती स्वस्तात होतं! या स्वस्ताईत डोंगराचं भाडं धरलेलं नसतं.

हौशी : जोशीमठ खचलं त्याचं खापर स्की करणाऱ्यांवर फोडू नका. ते गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय. १९७६ मध्ये मिश्रा समितीने तिथे जड बांधकाम नको म्हणून बजावलं होतं. त्यानंतर तिथे काय काय उभं राहिलं हे सगळ्यांना माहीत आहे. त्या माणसांची यात्रेची कमाई उन्हाळ्यातली. हिवाळ्यात बद्रीनाथचं दार बंद असतं, तेव्हा चहाची टपरी चालते ती औलीला जाणाऱ्यांवर. आपण जायचं थांबवलं तर डोंगराचं ओझं किती हलकं होईल हे मला सांगता येणार नाही, पण त्या टपरीवाल्याचं चुलाण थंड पडेल हे नक्की. मोठी हॉटेलं बांधून येणाऱ्या पर्यटनापेक्षा गावातल्या घरात राहणारा, गावातला शिक्षक धरणारा, रस्त्याने जाणारा माणूस बरा. बेताच्या खर्चाचा प्रवास म्हणते मी तो हाच.

शंकेखोर : मग त्या गावातल्या माणसाच्याच बाजूने बोलतो. सैल नियोजन म्हणजे व्यवहारात काय? मी टंगमर्गच्या वाटाड्याला फोन करतो, मार्चचा पहिला आठवडा धरून ठेव म्हणतो. खोली अशी घेतो जी आदल्या दिवशीपर्यंत फुकटात रद्द करता येते. अंदाज बघतो, बर्फ दिसत नाही, सगळं रद्द करून मनालीला जातो. माझं नुकसान शून्य. पण नुकसान नाहीसं झालं का? त्या वाटाड्याने तो आठवडा दुसऱ्याला दिलेला नाही, खोलीवाल्याने लाकूडफाटा भरून ठेवलेला आहे, स्की भाड्याने देणाऱ्याने कर्ज काढून माल घेतलेला आहे. आपल्या कोकणातल्या बागायतदाराचं वर्ष जसं मोहोराच्या दिवसांवर अवलंबून असतं तसं त्यांचं या दहा आठवड्यांवर. बर्फ न पडण्याचा धोका कुणाला तरी उचलावाच लागतो. विमान कंपनी तो उचलत नाही, ती नियमांत लिहून मोकळी होते. शहाणा प्रवासी उचलत नाही, कारण तो सैल आहे. मग राहतो कोण? ज्याच्याकडे नियम छापायला कागद नाही तो. तुमची काटकसर बऱ्याचदा त्याच्या ताटातून येते.

हौशी : हा आक्षेप मला लागला, आणि त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. सैलपणा कुणाच्या बाबतीत वापरायचा हे निवडता येतं. विमान, मोठी हॉटेलं, संकेतस्थळांवरची आरक्षणं यांच्या बाबतीत पुरेपूर वापरावा. त्यांनी तो भावात आधीच धरलेला असतो. वाटाड्या, शिक्षक, घरगुती खोली यांना मात्र आगाऊ रक्कम द्यावी आणि ती परत मागू नये. बर्फ नसला आणि गेलातच तर दिवसाची मजुरी तीच ठेवून त्याच माणसाबरोबर जंगलातून चालत हिंडावं. तो त्या डोंगरात वाढलाय, स्कीशिवायही त्याला दाखवण्यासारखं बरंच असतं. पण असं केलं की माझ्या सहलीचा आकडा वाढतो, आणि सुरुवातीला मी ज्याला परवडणारी म्हणाले तिच्यात भर पडते, हेही खरं.

शंकेखोर : आकडा आणखी एका जागी वाढायला हवा. स्वस्तात जाणारा माणूस काट मारतो ती नेमकी न दिसणाऱ्या गोष्टींवर. विमा, वाटाड्या, हिमस्खलनाची साधनं. गुलमर्गचा वरचा टप्पा म्हणजे आखून दिलेला बगिचा नाही. गोंडोलालगतचा ठरावीक भाग सोडला की पुढचा डोंगर कुणी राखलेला नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन गेला. ही माणसं हौस म्हणून पहिल्यांदा बूट घातलेली नव्हती. आपला ट्रेकर सह्याद्रीतल्या आत्मविश्वासावर वर जातो, ताज्या बर्फाचं पांढरं अंग बघून मोहात पडतो. आणि काश्मीरचं बोलताना २२ एप्रिल २०२५ विसरता येत नाही. पहलगामच्या बैसरणमध्ये २६ माणसं मारली गेली, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली. त्यानंतर खोऱ्यातली कितीतरी पर्यटनस्थळं काही काळ बंद ठेवली होती. घरच्यांनी नको म्हटलं तर त्यांना भित्रं ठरवू नका.

हौशी : ठरवत नाही. ज्याचं मन घेत नाही त्याने जाऊ नये, त्यावर वाद घालणं हा उर्मटपणा होईल. हिमस्खलनाबद्दल मात्र माझं मत तुमच्याहून कडक आहे. नवख्याने वरच्या टप्प्यावरून स्की करत उतरू नये, सोबत कुणीही असो. खालच्या उतारावर पंधरा दिवस घालवले तरी शिकण्यासारखं संपत नाही. जो वर जाण्याइतका तयार झालाय त्याने ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं आणि ते वापरता येणारा जोडीदार यांशिवाय राखलेला भाग सोडू नये. आणि विम्याचा कागद घरी बसून वाचावा, कारण बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात आणि ते कळतं पाय मोडल्यावर. एकूण, बुटाच्या आणि खोलीच्या बाबतीत हात आखडावा, जिवाच्या बाबतीत नाही. हा नियम पाळून जो खर्च येतो तो खरा. त्याच्याखालचा आकडा सांगणारा माणूस अर्धी सहल विकतोय.

शंकेखोर : आता आपण एका गोष्टीपाशी येतोय. बर्फाची वाट बघायला ज्याला काही खर्च पडत नाही असा माणूस एकच, तिथे राहणारा. आरिफ खान टंगमर्गजवळच्या हाजीबलचा, २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला भारताकडून तो एकटा गेला. आंचल ठाकूर मनालीजवळच्या बुरुआची, २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत तिने कांस्यपदक आणलं. त्यांच्या दारात बर्फ पडतो. सकाळी पडला की दुपारी स्की. घराजवळची, सैल, कमी खर्चाची, ही तिन्ही विशेषणं त्यांच्या बाबतीत एकदम खरी ठरतात. बाकी आपण सगळे दोन हजार किलोमीटरवरून ती उसनी आणतो. पुढे हिवाळे असेच लहरी राहिले तर त्यांचंही कठीण, आपलं तर विचारूच नका. म्हणून मला वाटतं, महाराष्ट्रातल्या माणसाने याला घराजवळचा छंद म्हणू नये. लांबचा प्रवास आहे, लांबच्या प्रवासासारखा जपून करावा.

हौशी : मी छंदच म्हणेन, पण सुरुवातीला म्हणाले तितक्या हलकेपणाने नाही. आता मला कुणी सल्ला विचारला तर मी आधी विचारेन, तुझ्याकडे मोकळं काय आहे? तारीख मोकळी असेल तर खोरं आणि वाटाड्या पक्के कर आणि वाट बघ. तारीख बांधलेली असेल तर दिल्लीपर्यंतच ठरव. तारीखही बांधलेली आणि पैसेही मोजके असतील तर कोर्सला नाव घाल. पडलेला बर्फ थोडा असला तरी संस्था तो शिकण्यापुरता कुठे सापडेल हे जाणते. आणि सहलीचं नाव स्कीची सहल असं न ठेवता हिवाळ्यातल्या हिमालयाची सहल असं ठेव. स्की झाली तर लाभ.

शंकेखोर : मी त्याला एवढंच विचारेन, की समज, एक दिवसही स्की न करता परत यावं लागलं, वाटाड्याचे पैसे दिले, गाडीभाडं गेलं, रजा संपली, तर हे तुला सोसेल का? हो म्हणाला तर तुमच्याकडे पाठवून देईन. त्याला सैलपणाही झेपेल आणि त्याची किंमतही तो दुसऱ्यावर ढकलणार नाही.

हौशी : आणि नाही म्हणाला तर? बहुतेक जण नाहीच म्हणतील, आणि कमी खर्चाच्या सहलीची गरज त्यांनाच आहे. ज्याला बर्फ न पडण्याचा फटका सोसतो त्याला माझ्या सल्ल्याची फारशी गरज नाही. ज्याला गरज आहे त्याला तो सोसत नाही. तुमच्या प्रश्नाने सहल कुणासाठी आहे हे ठरतं, पण जो गाळला जातो त्याला काय सांगायचं ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही नाही.